डॉ. पु. का. केळकर : एका विद्युत अभियंत्याची प्रशासकीय कारकीर्द आणि भारतीय भाषा

जबलपूर शहराच्या नैर्ऋत्येस असलेला गढा हा भाग म्हणजे गोंड राजांच्या राजधानीचे जुने ठिकाण होय. राणी दुर्गावतीचे नाव या भूमीशी कायमचे जोडले गेले आहे. १५६४ मध्ये मोगल सैन्याशी झालेल्या लढाईत तिचा अंत झाला, आणि १९५६ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूर विद्यापीठास १९८३ मध्ये तिचेच नाव देण्यात आले. याच शहराच्या दुसऱ्या अंगास विद्येच्या इतिहासातील आणखी दोन टप्पे उभे आहेत. पहिला १९४७ चा. मध्यप्रांत व वऱ्हाड हा तेव्हा हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा प्रांत होता, आणि त्याचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जबलपुरात निघाले. दुसरा टप्पा २००५ चा. त्या वर्षी येथे माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व निर्मिती या विषयांची केंद्रीय संस्था स्थापन झाली, आणि आरंभीच्या काळात तिचे पालकत्व कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले.

राजघराण्यांच्या वंशावळी इतिहासकार जपतात. विद्यासंस्थांच्या वंशावळी सहसा कोणी मांडीत नाही. तशी वंशावळ मांडावयाची झाल्यास जबलपूरच्या या धाकट्या संस्थेकडून आपण कानपूरकडे जातो, आणि कानपूरकडून एका मराठी माणसाकडे येतो. कानपूरच्या संस्थेचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशीनाथ केळकर हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांच्या कारकीर्दीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांसाठी असलेल्या नियतकालिकात अभियंत्याच्या कारकीर्दीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात यावयाचे आहे. तूर्त एवढेच नमूद करतो की, ज्या देवनागरी अक्षरांत आज आपण संगणकावर मराठी लिहितो, त्यांच्या यांत्रिक घडणीचा एक महत्त्वाचा अध्याय याच संस्थेत लिहिला गेला. केळकरांनी तो लिहिला नाही. तो लिहिला जाऊ शकेल अशी जागा मात्र त्यांनी निर्माण केली. प्रशासकाच्या कर्तृत्वाचे माप अशा जागांवरूनच घ्यावे लागते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

केळकरांचा जन्म १ जून १९०९ रोजी धारवाड येथे झाला. १९३१ मध्ये मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदार्थविज्ञान घेऊन ते पदवीधर झाले. १९३४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका मिळविली, आणि १९३७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. परत आल्यावर काही काळ त्यांनी बंगळूरलाच अध्यापन केले. १९४३ मध्ये ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक व विभागप्रमुख म्हणून आले. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९९७ पासून वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

या शिक्षणक्रमातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. केळकर पदार्थविज्ञानाकडून अभियांत्रिकीकडे आले. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे जे अभियांत्रिकी शिक्षण रुजले, ते मुख्यतः सार्वजनिक बांधकाम खात्याच्या गरजेतून. रुरकीचे महाविद्यालय १८४७ चे, पुण्याचे १८५४ चे. रस्ते, पूल, कालवे बांधणारे कुशल अधिकारी तेथून बाहेर पडावेत, ही अपेक्षा होती. विद्युत अभियांत्रिकीची प्रकृती मात्र निराळी आहे. पुलाचा दगड डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. विजेचे वर्तन गणिताच्या भाषेतूनच समजून घ्यावे लागते. शिवाय या शास्त्रातील उपकरणे फार लवकर कालबाह्य होतात. १९४३ मध्ये ज्या विद्यार्थ्याने निर्वात नळीची रचना पाठ केली असेल, त्याला पाचच वर्षांत ट्रान्झिस्टरचे नवे युग समोर ठाकलेले दिसले असेल; तो शोध १९४७ च्या डिसेंबरातला. उपकरण शिकलेला मागे पडतो, तत्त्व शिकलेला टिकून राहतो. भाषेच्या अभ्यासकास हा भेद सहज कळेल. प्रवाशासाठी तयार केलेल्या संभाषणाच्या पुस्तिकेतील वाक्ये मुखोद्गत करणे वेगळे, आणि त्या भाषेचे व्याकरण आत्मसात करणे वेगळे. पुढे कानपूरच्या अभ्यासक्रमात गणित व विज्ञान यांना जे पायाभूत स्थान मिळाले, त्याचे एक मूळ त्या संचालकाच्या विषयातच होते, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरणार नाही.

मुंबईतील वर्षांत केळकर ज्या व्यवस्थेत शिकवीत होते, ती व्यवस्था आपल्या परिचयाची आहे. महाविद्यालय विद्यापीठास संलग्न. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या मंडळाने ठरवावयाचा. वर्गात एकाने शिकवावयाचे, वर्षाच्या अखेरीस प्रश्नपत्रिका दुसऱ्याने काढावयाची आणि उत्तरपत्रिका बहुधा तिसऱ्याने तपासावयाच्या. या व्यवस्थेत शिक्षकाविषयीचा अविश्वास गृहीत धरलेला असतो. शिक्षकाने वर्गात एखादा नवा प्रश्न उभा केला, तर तो परीक्षेत येणार नाही एवढे विद्यार्थ्यास पुरेसे होते. साहित्याच्या वर्गातही नेमलेल्या पुस्तकापलीकडे जाऊ पाहणाऱ्या प्राध्यापकाची हीच कुचंबणा होत आली आहे. अभियांत्रिकीच्या शिक्षणातील दुखणे साधनसामग्रीच्या अभावात होते, तसेच ते या रचनेतही होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने देशात उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था काढण्याची शिफारस केली. त्यांतील पहिली संस्था १९५१ मध्ये खरगपूर येथे सुरू झाली. ज्या हिजली बंदिवासात स्वातंत्र्यसैनिकांना डांबून ठेवले जाई, त्याच इमारतीत तिचे वर्ग भरू लागले. दुसरी संस्था मुंबईस सोव्हिएत साहाय्याने निघावयाची होती. तिच्या पूर्वतयारीसाठी १९५६ मध्ये केळकरांना नियोजन अधिकारी म्हणून पाचारण करण्यात आले. प्राध्यापक केळकरांचे प्रशासक केळकरांत रूपांतर येथून सुरू होते. १९५८ मध्ये मुंबईच्या संस्थेचे पहिले वर्ग सुरू झाले, आणि १९५९ च्या डिसेंबरात केळकर कानपूरच्या नव्या संस्थेचे संचालक झाले. वयाची पन्नाशी त्यांनी नुकतीच ओलांडली होती.

कानपूरला त्या वेळी संस्थेच्या मालकीची म्हणावी अशी वास्तू नव्हती. हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीतील एका खोलीत कारभार सुरू झाला. १९६० मध्ये शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. ग्रँड ट्रंक रस्त्यावर कल्याणपूरजवळ सुमारे एक हजार एकर जमीन संस्थेस मिळाली, आणि १९६३ मध्ये संस्था तेथे गेली. या परिसराची आखणी अच्युत कानविंदे यांनी केली. कानविंदे कोकणातील आचऱ्याचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकलेले. वीट आणि उघडे काँक्रीट यांच्या त्या वास्तूंत ग्रंथालय, व्याख्यानगृहे आणि विभाग हे छताखालच्या पायवाटांनी एकमेकांस जोडलेले आहेत. एका विषयाचा माणूस दुसऱ्या विषयाच्या माणसास येताजाता भेटावा, अशीच ती रचना आहे. उत्तरेच्या सपाट मैदानावर एका धारवाडकराने आणि एका आचरेकराने मिळून उभारलेले हे काम मराठी माणसांच्या कर्तृत्वाच्या यादीत क्वचितच आढळते.

कानपूरला परदेशी साहाय्य अमेरिकेचे होते. १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत नऊ अमेरिकी शिक्षणसंस्थांचा एक संघ या कामी सहभागी झाला; त्यांत मॅसॅच्युसेट्स व कॅलिफोर्निया येथील तंत्रज्ञान संस्था, प्रिन्स्टन, कार्नेगी, केस, पर्ड्यू, मिशिगन, ओहायो आणि बर्कली यांचा समावेश होता. या कार्यक्रमाचे पहिले प्रमुख नॉर्मन डाल होते. एकाच परदेशी विद्यापीठाची प्रतिकृती येथे उभी न राहता अनेकांच्या अनुभवातून निवड करण्याची मोकळीक नऊ संस्थांच्या सहभागामुळे लाभली, आणि निवड करण्याची जबाबदारी अर्थातच यजमानांवर आली.

ही निवड कशी झाली, हे तीन निर्णयांवरून पाहता येईल. पहिला निर्णय माणसांविषयीचा. ज्येष्ठता आणि नोकरीची वर्षे मोजण्याऐवजी परदेशांत डॉक्टरेट मिळविलेल्या तरुण भारतीयांना संस्थेने मोठ्या संख्येने बोलाविले. सी. एन. आर. राव १९६३ मध्ये कानपूरला आले तेव्हा जेमतेम तिशीच्या उंबरठ्यावर होते. पन्नास वर्षांनी त्यांना भारतरत्न जाहीर झाले. व्ही. राजारामन हेही त्याच सुमारास आले आणि पुढे त्यांची संगणकविषयक पाठ्यपुस्तके देशभर वाचली गेली. तिशीतल्या माणसांवर विभाग आणि अभ्यासक्रम सोपविण्यास धाडस लागते, आणि हे धाडस संचालकाच्या पातळीवरच व्हावे लागते.

दुसरा निर्णय परीक्षेविषयीचा. सत्रपद्धती स्वीकारली गेली. जो शिकवील त्यानेच पाठ्यक्रम आखावा, प्रश्न काढावे, वर्षभराचे काम पाहून अक्षरश्रेणी द्यावी, असे ठरले. बहिःस्थ परीक्षकाची प्रथा गेली. मुंबईच्या संलग्न महाविद्यालयात ज्या अविश्वासाचा अनुभव घेतला, त्याला दिलेले हे उत्तर होते. शिक्षकावर विश्वास टाकावयाचा, तर तो विश्वास नियमांत लिहावा लागतो. केवळ भाषणांत त्याचा उच्चार करून भागत नाही. केळकरांच्या प्रशासनाचे सार या एका बदलात सापडते.

तिसरा निर्णय अभ्यासक्रमाचा. पाच वर्षांच्या पदवीक्रमात सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी गणित, पदार्थविज्ञान व रसायन यांचा समान पाया ठेवण्यात आला, आणि त्याच्या जोडीस मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे अनिवार्य करण्यात आली. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषा व साहित्य यांचा स्वतंत्र विभाग संस्थेत होता. अभियंत्याला चार शब्द नीट लिहिता यावेत एवढ्यापुरता हा विचार मर्यादित नव्हता. ज्या समाजात यंत्र चालावयाचे, त्या समाजाचे भान यंत्र घडविणाऱ्यास असले पाहिजे, ही त्यामागील धारणा होती.

याच काळातील आणखी एक घटना पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम १६२० हा संगणक कानपूरला आला. काही मोजक्या संशोधकांच्या कुलुपात तो न ठेवता विद्यार्थ्यांच्या हाती देण्यात आला, आणि पदवीच्या वर्गात संगणनाचे नियमित शिक्षण सुरू झाले. देशात अशा शिक्षणाचा आरंभ येथून झाला असे मानले जाते.

केळकरांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७० मध्ये ते मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेचे संचालक म्हणून परतले; जिच्या उभारणीचा आराखडा त्यांनी एकेकाळी केला होता, तिचीच धुरा आता त्यांच्याकडे आली. १९७४ पर्यंत त्यांनी ती वाहिली. २३ ऑक्टोबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. कानपूरच्या संस्थेचे ग्रंथालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

येथे कारकीर्द संपते. तिचे फळ मात्र नंतरच्या काळात दिसू लागते. १९७३ मध्ये कानपूरच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात आर. एम. के. सिन्हा यांनी देवनागरी लिपी यंत्राने ओळखण्याच्या प्रश्नावर डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला. विद्युत अभियांत्रिकीच्या विभागाने शिरोरेघ, काना आणि मात्रा यांचा विचार करावा, ही गोष्ट त्या काळी सहजासहजी पटण्याजोगी नव्हती. संलग्न महाविद्यालयाच्या चौकटीत तो विषय कोणत्या मंडळाने मान्य केला असता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुढे सिन्हा आणि त्यांच्याबरोबर काम करणारे मोहन तांबे यांच्या प्रयत्नांतून देवनागरीसाठी संगणकाचे टर्मिनल तयार झाले, आणि १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात ते लोकांसमोर आले. १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. तांबे तेथे गेले, आणि 'जिस्ट' या नावाने हे तंत्र देशभर पसरले.

या कामामागील कल्पना भाषाभ्यासकांनी समजून घेण्यासारखी आहे. टंकलेखन यंत्रात अक्षरांचे तुकडे असतात; अर्धा क वेगळा, पूर्ण क वेगळा. नव्या पद्धतीत संगणकाने आकार साठवावयाचा नाही, वर्ण साठवावयाचा. क, हलन्त, ष असे तीन संकेत एकापुढे एक आले की पडद्यावर क्ष दिसावा, हे काम दर्शविण्याच्या टप्प्यावरचे. भारतीय लिप्या दिसावयास भिन्न असल्या तरी त्यांची वर्णव्यवस्था एक आहे; त्यामुळे देवनागरी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना एकच संकेतावली पुरते. हीच 'इस्की' संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी तिच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. प्राचीन वर्णमालेचे शास्त्र यंत्राने असे आपलेसे केले.

मराठीपुरते एक उदाहरण पुरे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हिंदीस या दुसऱ्या प्रकारच्या रकाराची गरज नाही, मराठीस आहे. इस्कीने ऱ या वर्णास हलन्त जोडून ती भागविली, आणि तीच सोय युनिकोडने पुढे चालविली. एका बारीक वळणासाठी संकेतावलीत जागा राखली गेली नसती, तर 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील फरक छापताना आपल्याला अजूनही हाताने दुरुस्त्या कराव्या लागल्या असत्या.

कानपूरलाच विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी पाणिनीय व्याकरणाच्या आधारे भारतीय भाषांच्या यांत्रिक विश्लेषणाचे काम केले. कारकसंबंधांच्या चौकटीतून वाक्याचा अर्थ लावण्याची ही पद्धती १९९५ मध्ये ग्रंथरूपाने आली. तिच्यातून निघालेल्या 'अनुसारक' या प्रणालीत मराठीतून हिंदीकडे जाण्याचाही प्रयत्न होता. हे काम नंतर हैदराबादेत विस्तारले. अभियंत्यांनी अष्टाध्यायी उघडावी आणि वैयाकरणाने संगणकाजवळ बसावे, यासाठी दोघांनी एका छताखाली असणे आवश्यक असते. ते छत आधीच उभे होते.

या सर्वांचे श्रेय केळकरांना देणे चुकीचे होईल, आणि ते त्यांच्या कार्याचे स्वरूप न समजल्याचे लक्षण ठरेल. ही माणसे, हे प्रश्न, ही उत्तरे त्यांची नाहीत. त्यांचे काम होते शिक्षकास आपला प्रश्न आपण निवडण्याची मुभा देणारी रचना उभी करणे, आणि आपण निघून गेल्यावरही ती टिकेल अशी तिची बांधणी करणे.

या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कानपूरच्या शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते आणि आहे. देवनागरी यंत्रावर आणणाऱ्या संस्थेत विज्ञान देवनागरीतून शिकविले गेले नाही. पदवीधरांपैकी अनेकजण परदेशी गेले, हा आक्षेप संस्थेवर आरंभापासून घेतला गेला आहे, आणि तो निराधार नाही. शिवाय विश्वासावर आधारलेली ही रचना मोजक्या केंद्रीय संस्थांच्या कुंपणाआत राहिली. बहुसंख्य संलग्न महाविद्यालयांत शिक्षक आणि परीक्षक यांची ताटातूट तशीच चालू राहिली. तंत्रज्ञान संस्थांना संसदेच्या कायद्याने जे स्वातंत्र्य मिळाले, ते प्रांतोप्रांतीच्या भाषाविभागांना का मिळाले नाही, हा प्रश्न केळकरांच्या कारकीर्दीतून आपल्यासाठी शिल्लक राहतो.

मराठीस संस्थास्थापकांच्या चरित्रांची परंपरा आहे. महर्षी कर्वे, कर्मवीर भाऊराव पाटील यांची नावे घराघरांत पोचली. त्यांच्या संस्था लोकांच्या वर्गणीतून, लोकांच्या भाषेत उभ्या राहिल्या. म्हणून लोकांच्या स्मरणातही राहिल्या. केळकरांची संस्था शासनाच्या निधीतून, इंग्रजी टिपणांतून आणि महाराष्ट्राबाहेर उभी राहिली. तिच्या आठवणीही प्रामुख्याने इंग्रजीतच लिहिल्या गेल्या. त्यामुळे मराठी स्मरणाच्या कक्षेबाहेर ती राहिली असावी. परंतु प्रशासकीय टिपणे हाही लेखनाचाच एक प्रकार आहे. एखाद्या नियमाच्या वाक्यरचनेत शिक्षकावर विश्वास आहे की अविश्वास, हे वाचण्याची दृष्टी साहित्याच्या अभ्यासकाजवळ असते, आणि तिचा उपयोग येथे झाला पाहिजे.

गढ्याच्या टेकडीवर गोंडांच्या काळातील मदनमहाल आजही उभा आहे. तो कोणी व कशासाठी बांधला, हे आपण चौकसपणे विचारतो. त्याच शहरात २००५ साली आलेल्या विद्यासंस्थेविषयी, तिच्यामागील कानपूरविषयी, आणि कानपूरच्या उपाहारगृहातील त्या खोलीविषयी तेवढ्याच चौकसपणे विचारणे, हे आता आपले काम आहे.